एआयमुळे महासंकट येण्याची शक्यता किती? अंदाज टप्प्याटप्प्याने कसा मांडावा

कोथरूडच्या आमच्या अभ्यासगटात नवीन कुणी आलं की पहिल्या चहालाच विचारतं, ‘एआयमुळे जगाचं वाटोळं व्हायची शक्यता किती टक्के?’ उत्तरं पटापट येतात. कुणी दोन म्हणतं, कुणी पन्नास, कुणी चक्क शून्य. मग वाद सुरू होतो. अर्ध्या तासाने लक्षात येतं की दोन टक्केवाले मानवजात नष्ट होण्याबद्दल बोलत होते, पन्नासवाले नोकऱ्यांबद्दल, आणि शून्यवाले पुढच्या पाच वर्षांबद्दल.

ही चूक पुन्हा पुन्हा होते, आणि तिचं मूळ क्रमात आहे. आकडा आधी ठरतो, कारणं नंतर गोळा होतात. खरं तर आकडा सगळ्यात शेवटी यायला हवा. खाली दिलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा गाळला तर पुढचं गणित बरोबर असूनही उत्तर निरुपयोगी ठरतं.

## तयारी

साहित्य साधं आहे: वही, पेन, आणि एक्सेल किंवा निदान कॅल्क्युलेटर. दहावीच्या संभाव्यतेपलीकडचं गणित लागत नाही.

साहित्यापेक्षा सवय महत्त्वाची. ‘सत्तर टक्के’ म्हणताना तुमच्या मनात नेमकं काय असतं, हे आधी तपासून घ्या. त्यासाठी पुण्याच्या पावसाइतका चांगला शिक्षक नाही. जूनपासून रोज रात्री लिहा: उद्या शिवाजीनगर वेधशाळेत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला जाण्याची शक्यता इतके टक्के. (हवामान खात्याच्या हिशेबात पावसाचा दिवस म्हणजे तेवढा पाऊस.) त्याच्या जोडीला थोडे लांबचे प्रश्न घ्या. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांत मिळून ३१ जुलैला २० टीएमसीच्या वर साठा असेल का? मार्केट यार्डात कांद्याचा घाऊक भाव महिन्याभरात दीडपट होईल का?

निकाल लागला की गुण द्या. टक्के दशांशात लिहा, घटना घडली असेल तर १ धरा, नसेल तर ०, आणि दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करा. तुम्ही ०.७ म्हणालात आणि पाऊस पडला, तर गुण ०.०९. पडला नाही तर ०.४९. गुण जितके कमी तितकं चांगलं. डोळे मिटून दरवेळी ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणून तुमची सरासरी त्याच्या वर गेली तर समजा की तुमच्या खात्रीला आधार नाही. ही पद्धत ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० साली मांडली.

इशारा: पावसावर हात बसला म्हणजे एआयवर बसला, असं नाही. पाऊस रोज परीक्षा घेतो, महासंकट घेत नाही. पण ‘९५ टक्के’ हा शब्द स्वस्तात वापरायची खोड मात्र पावसाळ्यात नक्की मोडते.

आणखी एक पथ्य. सातव्या टप्प्यापर्यंत कुणाही तज्ज्ञाचा आकडा वाचू नका. आधीच वाचले असतील तर निदान हिशेब करताना समोर ठेवू नका. एकदा कानावर पडलेला आकडा खुंटीसारखा रुततो आणि तुमचं उत्तर त्याच्याभोवतीच फिरतं. गटात बसला असाल तर प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची, आणि सगळ्यांचं झाल्यावरच उघडायचं.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात बांधा

वाक्यात चार गोष्टी हव्यात: काय घडेल, किती मोठं, कधीपर्यंत, आणि कशामुळे. आमच्या गटातलं वाक्य असं आहे:

‘१ जानेवारी २०५० च्या आत, कोणत्याही सलग पाच वर्षांत, त्या काळाच्या सुरुवातीला जिवंत असलेल्या माणसांपैकी किमान १० टक्के माणसं एआयमुळे मरतील.’

यातला ‘एआयमुळे’ हा शब्द गाळून बघा. जगात दर वर्षी सुमारे ६ कोटी माणसं एरवीही मरतात, म्हणजे पाच वर्षांत ३० कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे, तिचे १० टक्के म्हणजे ८० कोटी. तो शब्द नसेल तर मर्यादेचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा नेहमीच्या मृत्यूंनीच भरून निघतो. ‘एआयमुळे’ म्हणजे काय, हेही लिहा. आम्ही धरतो: एआय नसतं तर हे मृत्यू झाले नसते, असं त्या विषयातल्या बहुसंख्य जाणकारांना वाटायला हवं.

मर्यादा किती उंच आहे, याचा अंदाज घ्या. दुसऱ्या महायुद्धात साधारण ७ ते ८ कोटी माणसं गेली, तेव्हाच्या जगाच्या सुमारे ३ टक्के. कोविडमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सुमारे दीड कोटी जादा मृत्यू झाले, म्हणजे ०.२ टक्क्यांच्या आसपास. आपल्या वाक्यातली घटना यांच्या कितीतरी पट मोठी आहे. हे डोळ्यांपुढे आलं की अर्ध्या लोकांचा आकडा तिथेच बदलतो.

याहून वेगळे प्रश्नही आहेत: मानवजात पूर्ण नष्ट होणं, किंवा माणसं जिवंत असूनही जगाचा कारभार त्यांच्या हातून कायमचा जाणं. ते महत्त्वाचे आहेत, पण त्यांचे कागद वेगळे. एका कागदावर एकच प्रश्न.

तपासणी: वाक्य शेजाऱ्याला वाचून दाखवा. २०५० साली निकाल लावताना तुमच्या दोघांत भांडण होईल असं वाटलं, तर वाक्य अजून ढिलं आहे.

## टप्पा २: तुलनेला काय आहे ते पाहा

हा टप्पा छोटा ठेवा, कारण इथे फारसं हाती लागत नाही. ‘माणूस दोन-तीन लाख वर्षं टिकलाय, यापुढेही टिकेल’ हा युक्तिवाद उल्का आणि ज्वालामुखी यांच्यासाठी चालतो, कारण त्या काळात ते होतेच. जे यंत्र कालपर्यंत नव्हतं, त्याला तो लागू होत नाही. उलट बाजूने ‘हुशार प्रजाती आली की कमी हुशार प्रजाती मागे पडतात’ हेही तितकंच तोकडं आहे, कारण एआय जंगलात वाढलेलं नाही. ते कंपन्यांनी बनवलेलं, विकलेलं आणि सतत तपासलं जाणारं आहे.

तीन तुलना लिहा. अण्वस्त्रं, साथीचे रोग आणि औद्योगिक यंत्रं या तीन आम्ही घेतो. प्रत्येकीपुढे ती कुठे जुळत नाही ते एका ओळीत लिहा. आपल्या मताला सोयीची एकच तुलना निवडणं ही इथली ठरलेली चूक. यातून टक्के काढायचे नाहीत, फक्त डोकं मोकळं करायचं.

## टप्पा ३: वाटा वेगळ्या करा

महासंकटाला एकच दार नाही. निदान या चार वाटा वेगळ्या लिहा:

१. गैरवापर. एखादा गट एआयच्या मदतीने घातक रोगजंतू तयार करतो. इथे माहिती मिळणं आणि प्रयोगशाळेत हाताने काम जमणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्या पाषाणच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेत देशातली पहिली सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी काम केलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोललात तरी कळेल की वाचून समजणं आणि हाताला येणं यांत केवढं अंतर असतं. एआय यातलं पहिलं काम किती सोपं करतं आणि दुसरं किती, याचे आकडे वेगवेगळे द्या.

२. ताबा सुटणं. फार सक्षम प्रणाली माणसाला नको असलेलं उद्दिष्ट रेटते आणि तिला थांबवता येत नाही.

३. युद्ध. लष्करी निर्णयांचा वेग इतका वाढतो की चूक दुरुस्त करायला माणसाला वेळच उरत नाही.

४. यंत्रणा कोसळणं. वीज, पैसा, पुरवठा हे सगळं एकाच प्रकारच्या प्रणालींवर उभं असतं आणि एकाच वेळी बसतं.

वाटा का वेगळ्या करायच्या, हे दोन गुणाकारांत कळतं. दहा पायऱ्यांची एक वाट घ्या, प्रत्येक पायरी ८० टक्के शक्य. शेवटी उरतात जेमतेम ११ टक्के. आता एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दहा वाटा घ्या, प्रत्येक फक्त ५ टक्के शक्य. त्यातली निदान एक तरी घडण्याची शक्यता ४० टक्के. म्हणजे ज्याला आकडा लहान हवा तो पायऱ्या वाढवतो, ज्याला मोठा हवा तो वाटा वाढवतो, आणि दोघांनाही आपण प्रामाणिक आहोत असंच वाटत असतं.

इशारा: एका वाटेला सहापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. खरोखर वेगळ्या अशा पाचाहून जास्त वाटा सहसा सापडत नाहीत. ‘गैरवापर’ आणि ‘दहशतवाद्यांकडून वापर’ या दोन वाटा धरल्यात, तर एकच गोष्ट दोनदा मोजली.

## टप्पा ४: एक वाट घ्या, पायऱ्या पाडा, टक्के लिहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई करू नका. उदाहरणाला ‘ताबा सुटणं’ ही वाट घेऊ. पायऱ्या अशा:

१. २०४५ पर्यंत माणसाची बहुतेक बौद्धिक कामं स्वतः पार पाडणाऱ्या प्रणाली तयार होतील: ६० टक्के.

२. तयार झाल्या तर, त्यांना पैसा, यंत्रणा आणि निर्णय यांची व्यापक मोकळीक दिली जाईल: ८० टक्के.

३. वरचं दोन्ही घडलं तर, त्यांच्यातली घातक उद्दिष्टं चाचण्यांत पकडली जाणार नाहीत: २० टक्के.

४. वरचं सगळं घडलं तर, बिघाड जगभर पसरेल आणि आवरता येणार नाही: २० टक्के.

५. वरचं सगळं घडलं तर, पहिल्या टप्प्यात ठरवल्याइतके मृत्यू होतील: २५ टक्के.

गुणाकार ०.४८ टक्के, म्हणजे २०८ मध्ये १. हे टक्के केवळ उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे लिहा.

ओळींच्या सुरुवातीचे ‘घडलं तर’ हे शब्द सोडू नका. पहिली सोडून प्रत्येक ओळीची सुरुवात ‘वरचं घडलं तर’ अशीच हवी. हे का, ते पुणेकरांना शिकवायची गरज पडू नये, तरी पडते. आम्ही गटात एक गणित घालतो: एका नदीवर वर एक धरण, खाली एक. प्रत्येक फुटण्याची शक्यता वर्षाला हजारात एक धरा. दोन्ही एकाच वर्षी फुटण्याची किती? इंजिनीअरिंगच्या एका विद्यार्थिनीने लगेच सांगितलं, ‘दहा लाखांत एक.’ सिंचन खात्यातून निवृत्त झालेले एक काका शेजारी बसले होते.

‘पोरी, खालचं धरण कुठल्या पाण्याने फुटेल?’

‘वरच्या, काका.’

‘मग दुसरा आकडा कोरडा कसा लिहिलास?’

तिने ओळ खोडली, सुरुवातीला ‘वरचं फुटलं तर’ लिहिलं, आणि हजारात एकच्या जागी ऐंशी टक्के घातले. तिचं उत्तर दहा लाखांत एकवरून साधारण साडेबाराशेत एकवर आलं, म्हणजे आठशे पट. १२ जुलै १९६१ ला हेच झालं. सकाळी पानशेत फुटलं आणि ते पाणी येऊन त्याच दिवशी खडकवासला फुटलं. खडकवासला त्याआधी ऐंशीहून जास्त वर्षं उभं होतं. नुसता त्याचा इतिहास पाहून शक्यता काढणाऱ्याला ती नगण्यच दिसली असती.

एआयच्या पायऱ्याही अशाच एका नदीवर आहेत. चाचण्यांना चकवण्याइतकी प्रणाली हुशार असेल, तर ती पसरल्यावर आवरण्याच्या प्रयत्नांनाही चकवू शकेल. म्हणून तिसरी पायरी घडली असं धरल्यावर चौथीचे टक्के वाढतात. नव्या लोकांच्या कागदावर ते बहुधा वाढलेले नसतात.

उलट दिशेचा दुवाही असतो. मधल्या पायरीवर छोटे अपघात झाले तर जग सावध होतं, नियम कडक होतात, आणि पुढची पायरी कमी शक्य होते. हा परिणाम धरा, पण फुकट धरू नका. देशभरासाठी धरण सुरक्षेचा स्वतंत्र कायदा २०२१ साली झाला, पानशेतनंतर ६० वर्षांनी. ‘अपघात झाला की लोक सुधारतातच’ असं गृहीत धरणाऱ्याने किती वर्षांत, तेही लिहावं.

तपासणी: प्रत्येक पायरीवर बोट ठेवून विचारा: याआधीच्या सगळ्या पायऱ्या घडून गेलेल्या जगात मी उभा आहे का? तिथली वर्तमानपत्रं कशी असतील? त्या जगात उभं राहून टक्के लिहिलेत तरच गुणाकाराला अर्थ आहे.

इतर वाटांनाही हेच करा. मग जोडणी: प्रत्येक वाट *न* घडण्याची शक्यता काढा, त्यांचा गुणाकार करा, आणि तो १०० टक्क्यांतून वजा करा. आकडे अगदी लहान असतील तर सरळ बेरीज केली तरी फरक पडत नाही.

## टप्पा ५: एका आकड्याऐवजी तीन जगं

वरचे ०.४८ टक्के हे तुमचं उत्तर नाही. प्रत्येक पायरीला तुम्ही मधला आकडा दिलात, पण त्या मधल्या आकड्यावर तुमची स्वतःचीच खात्री किती आहे?

बहुतेक जण इथे प्रत्येक पायरीला किमान आणि कमाल लिहितात, सगळ्या किमानांचा एक गुणाकार करतात, सगळ्या कमालांचा दुसरा, आणि ‘माझं उत्तर या दोन्हींच्या मध्ये’ म्हणून थांबतात. हे अपुरं आहे. त्याऐवजी हवामान खातं करतं तसं करा. मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजात पावसाचे पाच गट असतात: सरासरीच्या ९० टक्क्यांहून कमी, ९० ते ९५, ९६ ते १०४, १०५ ते ११०, आणि ११० हून जास्त. प्रत्येक गटाला शक्यता दिलेली असते आणि सगळ्यांची बेरीज शंभर होते. आपल्याला तीन गट पुरतात.

सोपं जग: एआय सुरक्षित ठेवणं मुळात फारसं अवघड नाही. पायऱ्या: ४०, ६०, १०, १०, १० टक्के. गुणाकार ०.०२४ टक्के.

मधलं जग: वरचंच उदाहरण. ०.४८ टक्के.

अवघड जग: काम कठीण, स्पर्धा तीव्र, सरकारं मागे. पायऱ्या: ८०, ९०, ४०, ४०, ४० टक्के. गुणाकार ४.६ टक्के.

आता आपण कोणत्या जगात राहतो याला शक्यता द्या. समजा सोपं ५०, मधलं ३५, अवघड १५. प्रत्येक जगाचा गुणाकार त्याच्या वजनाने गुणून बेरीज केली की येतात सुमारे ०.८७ टक्के.

हा आकडा मधल्या जगाच्या जवळजवळ दुप्पट आहे. शिवाय त्यातला सुमारे ८० टक्के वाटा एकट्या अवघड जगातून आला, ज्याला तुम्ही वजन दिलं होतं फक्त १५ टक्के. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे. धोक्याचा अंदाज ‘बहुधा काय होईल’ यावर उभा नसतो, ‘माझं चुकलं असेल तर काय’ यावर असतो. ‘मला वाटतं सगळं ठीक होईल’ हे वाक्य पूर्ण खरं धरलं, तरी त्याने हा आकडा फारसा खाली येत नाही. तो खाली आणायचा तर आपण अवघड जगात *नाही* याचा पुरावा दाखवावा लागतो.

इशारा: उत्तर ‘०.८७१ टक्के’ असं लिहू नका. वजनंच अंदाजाने दिलेली आहेत. ‘या वाटेने सुमारे १ टक्का. जगागणिक ०.०२ पासून ५ पर्यंत’ असं लिहा.

## टप्पा ६: उत्तर उलटसुलट करून पाहा

चार झटपट तपासण्या.

*‘इतक्यांत एक’ करून वाचा.* टक्क्यांत विचारलं की माणसं एकाच्या खाली सहसा जात नाहीत. अंदाज बांधण्याच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या फोरकास्टिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने सामान्य लोकांना याच प्रकारचा प्रश्न ‘किती जणांत एक’ अशा रूपात, दुर्मिळ घटनांची उदाहरणं देऊन विचारला, तेव्हा त्यांची उत्तरं टक्क्यांतल्या उत्तरांपेक्षा अनेक पटींनी खाली आली. तुमचं उत्तर दोन्ही रूपांत तेच वाटतंय ना, ते पाहा.

*वर्षाला वाटून पाहा.* ‘दर वर्षी फक्त एक टक्का’ असं कुणी म्हणालं की ऐकायला किरकोळ वाटतं. ७५ वर्षांत तो साठून ५३ टक्के होतो. दर वर्षी ०.१ टक्का असेल तर त्याच काळात ७ टक्क्यांच्या आसपास. वार्षिक आणि एकूण आकड्यांची गल्लत नेहमीची आहे.

*उलट वाक्य म्हणा.* ‘२०५० पर्यंत हे होणार नाही, याची मला ९९ टक्के खात्री आहे.’ मोठ्याने म्हणा. इतक्या वर्षांपुढच्या दुसऱ्या कोणत्या गोष्टीबद्दल तुम्ही हे म्हणाल?

*आतला आवाज लिहा.* कागद बाजूला ठेवा आणि मनात येणारा आकडा लिहा. तो कागदापेक्षा दहापट वेगळा असेल तर दोघांपैकी एकाला काहीतरी ठाऊक आहे जे दुसऱ्याला नाही. बहुधा एखादी वाट लिहायची राहिलेली असते किंवा एखाद्या पायरीत भीती मिसळलेली असते. ती शोधा. नुसती सरासरी काढून मिटवू नका.

## टप्पा ७: आता इतरांचे आकडे वाचा

प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने भरा: कोणती घटना, कधीपर्यंत, प्रश्न कसा विचारला. ते भरता येत नसतील तर तो आकडा वापरू नका.

२०२२ च्या एका स्पर्धात्मक अभ्यासात, तो फोरकास्टिंग रिसर्च इन्स्टिट्यूटचाच, एआयमुळे २१०० पर्यंत मानवजात नष्ट होण्याबद्दल सुपरफोरकास्टर मंडळींचा, म्हणजे ज्यांचे अंदाज आजवर फार अचूक ठरले त्यांचा, मध्यक (उत्तरं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं उत्तर) ०.३८ टक्के होता, विषयातल्या तज्ज्ञांचा ३ टक्के. १० टक्के माणसं मरण्याच्या, म्हणजे आपल्या वाक्याच्या जवळच्या प्रश्नावर तेच आकडे २.१ आणि १२ झाले. माणसं तीच, फक्त घटना बदलली.

एआय इम्पॅक्ट्स या संशोधन गटाने २०२३ साली २,७७८ एआय संशोधकांचं सर्वेक्षण केलं. येत्या शंभर वर्षांत मानवजात नष्ट होणं किंवा तितकीच कायमची हतबलता येणं, याला मध्यक मिळाला ५ टक्के, सरासरी १४.४. हा फरक पाचव्या टप्प्यासारखाच: थोड्यांचे मोठे आकडे सरासरी वर ओढतात. बातमीत कधी मध्यक येतो, कधी सरासरी, आणि कोणता ते लिहिलेलं नसतं. त्याच सर्वेक्षणात मुदत न घालता विचारलेल्या प्रश्नाचा मध्यकही ५ टक्केच होता, पण त्यात ‘ताबा ठेवता न आल्यामुळे’ असे शब्द घातले तेव्हा तो १० टक्के झाला. खरं तर कारण नेमकं केल्यावर शक्यता कमी व्हायला हवी, कारण ताबा सुटणं ही अनेक वाटांपैकी एकच.

तत्त्वज्ञ जोसेफ कार्लस्मिथ यांनी २०२१ साली आपल्यासारख्याच पायऱ्या मांडल्या: ६५, ८०, ४०, ६५, ४० आणि ९५ टक्के. गुणाकार सुमारे ५ टक्के, मुदत २०७०. पुढे त्यांनी स्वतःच तो १० टक्क्यांच्या वर नेला. पायऱ्या उघड असल्यामुळे कुठे मतभेद आहे ते नेमकं दाखवता येतं, म्हणून नवशिक्याने वाचायला हा सर्वात चांगला नमुना. तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांचा दहात एक हा आकडा शंभर वर्षांचा आहे आणि त्यात कधीही न सावरता येणारी अधोगतीही धरलेली आहे. एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलेले १० ते २० टक्के तीस वर्षांचे आहेत. ज्यांना हिंटन यांच्यासोबत २०१८ चा ट्युरिंग हा संगणकशास्त्रातला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला, ते यान लकन ही शक्यता जवळजवळ नगण्य मानतात. पुरस्कार बघून आकडा उचलणाऱ्याचं इथे काहीच चालत नाही.

गटाचा एकत्र आकडा काढायचा असेल तर कसा काढला ते लिहाच. तिघांचे आकडे ०.१, १ आणि ३० टक्के असतील, तर साधी सरासरी १० टक्क्यांच्या वर जाते. पण ‘होईल विरुद्ध न होईल’ अशी गुणोत्तरं करून त्यांचा भूमितीमध्य काढला तर उत्तर येतं १.६ टक्के. दोन्ही पद्धती वापरात आहेत. आमच्या गटात आम्ही तिन्ही आकडे तसेच लिहून ठेवतो, कारण सरासरी काढली की ३० टक्केवाल्याचं कारण कुणी विचारत नाही.

तपासणी: हे वाचून तुमचा आकडा बदलला का? बदलला तर कोणत्या पायरीत? पायरी दाखवता येत नसेल तर बदल मागे घ्या.

## टप्पा ८: तारीख घाला, आणि नव्या पुराव्याने बदला

कागदावर तारीख, वाक्य, वाटा, पायऱ्या, तिन्ही जगांची वजनं लिहा. खाली एक ओळ हवी: ‘माझा आकडा दुप्पट करील अशी घटना’ आणि ‘निम्मा करील अशी घटना’. या ओळीत काहीच सुचत नसेल तर चौथ्या टप्प्यावर परत जा.

नवी बातमी आली की घाबरू नका, आणि झटकूनही टाकू नका. एकच प्रश्न विचारा: अवघड जगात ही बातमी येण्याची शक्यता सोप्या जगापेक्षा किती पट? उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अँथ्रॉपिक या एआय कंपनीचं एक मॉडेल प्रशिक्षणात आपला स्वभाव बदलला जाऊ नये म्हणून वरवर आज्ञा पाळल्यासारखं वागताना आढळलं. अवघड जगात असं दिसणं अपेक्षितच. पण सोप्या जगातही, जिथे संशोधक मुद्दाम शोध घेतात आणि सापडलेलं जाहीर करतात, तिथेही ते दिसू शकतं. मग समजा दीडपट. आधी अवघड जगाचं वजन २ टक्के म्हणजे १ विरुद्ध ४९ असेल, तर आता १.५ विरुद्ध ४९, म्हणजे जेमतेम ३ टक्के. दहापट धरलंत तर तेच १७ टक्के होतात. दहापट धरायचं तर सोप्या जगात ही बातमी जवळजवळ आलीच नसती, असं दाखवावं लागेल.

वेगाच्या बातम्या पहिल्या पायरीत जातात. एआयच्या क्षमता तपासणाऱ्या मेटर या संस्थेने मार्च २०२५ मध्ये दाखवलं की एआय स्वतः पार पाडू शकतं अशा सॉफ्टवेअरच्या कामांची लांबी (तेच काम करायला माणसाला लागणारा वेळ) साधारण दर सात महिन्यांनी दुप्पट होत आहे. ही गती टिकली किंवा मंदावली, तर ‘२०४५ पर्यंत’ची टक्केवारी हलवा, खालच्या चार पायऱ्या तशाच ठेवा. एका बातमीने सगळ्या ओळी हलल्या तर ती भीती किंवा उत्साह आहे, पुरावा नाही.

शेवटी, कागद वापरायचा कसा. मुलीने कुठल्या विषयात एम.टेक. करावं, देणगी कुठे द्यावी, खासदाराला काय विचारावं, यांपैकी कशासाठीही एकूण आकडा फारसा कामाचा नाही. पायऱ्या कामाच्या आहेत. अवघड जगाच्या रकान्यात तिसरी पायरी ४० वरून २० वर आणली तर त्या वाटेचा धोका निम्मा होतो. म्हणजे चाचण्या अधिक पक्क्या करणारं काम. चौथी निम्मी केली तरी तेवढाच फरक पडतो. ते काम बिघाड आवरणाऱ्या यंत्रणांचं आणि नियमांचं. तुमच्या कागदावर कोणती पायरी तुम्हाला, तुमच्या शिक्षणाने आणि पैशाने, थोडी तरी हलवता येईल, तिच्यापुढे खूण करा आणि पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. आम्ही जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये सगळे कागद उघडतो. जुन्या ओळी खोडत नाही, खाली नवी तारीख घालतो.